लॉजिक प्रोग्रॅमिंग आणि रीझनिंग एजंट: युनिव्हर्सिटीत हा विषय घेतलाय तर अभ्यास कसा करायचा

बऱ्याच कॉलेजांत एआयच्या लॅबमध्ये प्रोलॉग (फॅक्ट आणि नियम लिहून प्रश्न विचारायची लॉजिक प्रोग्रॅमिंगची भाषा) म्हणजे एकच प्रयोग, फॅमिली ट्री. आई कोण, बाबा कोण, आजोबा कोण, जर्नलमध्ये आउटपुट चिकटवलं, सही घेतली, संपलं. मग एमटेकला किंवा बाहेर मास्टर्सला गेल्यावर रीझनिंग एजंट्सचा (नियमांवरून विचार करून स्वतः निर्णय घेणारे प्रोग्रॅम) कोर्स समोर येतो, मुलांना वाटतं प्रोलॉग तर आपल्याला येतं, आणि स्टेबल मॉडेल, फ्रेम प्रॉब्लेम, बीडीआय असलं सगळं एकदम अंगावर आलं की कळत नाही नेमकं कुठे अडलंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. प्रोलॉगचा सिंटॅक्स दोन संध्याकाळी होतो, त्यात अडकू नका. या विषयात खरा कस दोनच ठिकाणी लागतो, एक म्हणजे नकार (एजंटला जे माहीत नाही त्याचं तो काय करतो) आणि दुसरा काळ (काहीतरी घडल्यावर काय बदललं आणि काय तसंच राहिलं). सेमिस्टरचा निम्मा वेळ या दोन गोष्टींना द्या, आणि एक छोटा एजंट पहिल्या आठवड्यापासून हाताशी ठेवून त्यालाच वाढवत न्या. दर आठवड्याला नवीन उदाहरण घेतलं की काहीच मुरत नाही.

सुरुवात करण्याआधी सेकंड इयरचं डिस्क्रीट मॅथ्स एकदा काढा. प्रपोझिशनल लॉजिक, क्वांटिफायर, इंडक्शन एवढं पुरतं. "सर्वांसाठी" आणि "निदान एक तरी" यातला फरक नकार लावल्यावर कसा उलटतो हे पटकन जमलं पाहिजे, कारण पुढचे बरेच घोळ तिथूनच होतात. मग क्लॉज फॉर्म (सूत्रं "किंवा"ने जोडलेल्या तुकड्यांत मांडणं) आणि रेझोल्यूशन (असे दोन तुकडे जुळवून नवा निष्कर्ष काढायची रीत). रॉबिन्सनने १९६५ साली रेझोल्यूशन मांडलं, कोवाल्स्कीने हॉर्न क्लॉज (जास्तीत जास्त एकच निष्कर्ष असलेले क्लॉज) प्रोग्रॅमसारखे चालवता येतात हे दाखवलं, आणि १९७२ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला कोल्मेरोएर आणि रुसेल यांनी प्रोलॉग उभं केलं, एवढा क्रम डोक्यात असला की सिलॅबस असा का लावलाय ते कळतं. कोवाल्स्कीचं १९७९ चं सूत्र तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, अल्गोरिदम म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल. प्रोलॉगमध्ये तुमचा नियम लॉजिक म्हणून बरोबर असूनही प्रोग्रॅम लटकतो तेव्हा चूक कंट्रोलमध्ये असते, आणि कुठला प्रॉब्लेम कुठल्या बाजूचा हे ओळखता येणं हीच पहिल्या महिन्याची कमाई.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एसडब्ल्यूआय-प्रोलॉग टाका, फुकट आहे, आणि इन्स्टॉल करायचं नसेल तर त्याचंच स्विश ब्राउझरमध्ये चालतं. आणि एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, एसडब्ल्यूआय युनिकोड घेतं, त्यामुळे प्रेडिकेट सरळ देवनागरीत लिहिता येतात. फक्त प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल कॅपिटल अक्षराने सुरू होतं आणि आपल्या लिपीत कॅपिटल नाही, म्हणून व्हेरिएबलच्या आधी अंडरस्कोर द्यायचा. असं (:- म्हणजे "जर", मधला स्वल्पविराम म्हणजे "आणि"):

जोडलेलं(पुणे, लोणावळा).
जोडलेलं(लोणावळा, कर्जत).
जोडलेलं(कर्जत, कल्याण).
पोचतो(_क, _ख) :- जोडलेलं(_क, _ख).
पोचतो(_क, _ग) :- जोडलेलं(_क, _ख), पोचतो(_ख, _ग).

सबमिशनला इंग्लिश नावं द्यावीच लागतील, पण स्वतः समजून घेताना मराठीत लिहून बघा, नियम मोठ्याने वाचला तर वाक्यासारखा ऐकू येतो आणि चूक लवकर पकडता येते.

आता यावर काय करायचं, तर आधी कॉम्प्युटर बंद. कागदावर पोचतो(पुणे, _कुठे) ची पूर्ण एसएलडी ट्री (उत्तर शोधताना प्रोलॉग कुठल्या वाटा धरतो त्याचं झाड) काढा, प्रत्येक फांदीवर कुठलं युनिफिकेशन झालं (काय कशाशी जुळून व्हेरिएबलला कुठली किंमत मिळाली) ते लिहा, आणि उत्तरं कुठल्या क्रमाने येतील ते आधी ठरवा. मगच रन करून ताडून बघा. लोणावळा, कर्जत, कल्याण या क्रमाने आलं तर बरोबर. पुढे दुसऱ्या नियमात पोचतो आधी आणि जोडलेलं नंतर असं करा, म्हणजे तीन उत्तरं आल्यावर तो आत आत जात राहील आणि शेवटी स्टॅक संपल्याचा एरर देईल. लॉजिक तेच, कंट्रोल बदलला. त्यानंतर परतीची गाडी घाला, जोडलेलं(लोणावळा, पुणे), आता मूळ क्रमातसुद्धा तो पुणे लोणावळा पुणे लोणावळा करत बसतो आणि उत्तरं थांबतच नाहीत. यावर टेबलिंग (निघालेली उत्तरं साठवून तोच प्रश्न परत न सोडवणं) नावाचा इलाज आहे, एसडब्ल्यूआयमध्ये एका ओळीचं डायरेक्टिव्ह देऊन चालू होतं, पण ते लावायच्या आधी ट्री कागदावर काढून घोटाळा बघितलेला असू द्या. परीक्षेत टेबलिंगने काय फरक पडतो असं विचारतात तेव्हा ज्याने ट्री काढलीये तोच नीट लिहू शकतो. (टेबलिंगच्या संदर्भात वाचताना डेव्हिड वॉरन हे नाव येईल, तर लक्षात ठेवा या क्षेत्रात डेव्हिड वॉरन दोन आहेत, डेव्हिड एच. डी. वॉरन यांचं १९८३ चं वॉरन अॅबस्ट्रॅक्ट मशीन (प्रोलॉग वेगाने चालवायचा आराखडा) आणि डेव्हिड एस. वॉरन यांचं एक्सएसबी (टेबलिंगवालं प्रोलॉग), यात भल्याभल्यांची गल्लत होते.)

कट ऑपरेटर म्हणजे ते उद्गारचिन्ह, त्याचा सुरुवातीला वापर टाळा. त्याने प्रोग्रॅम झटपट चालायला लागतो पण नियम नियम राहत नाही, आणि एजंटच्या कामात नियम उलट्या बाजूनेही विचारता आला पाहिजे.

आता नकार. प्रोलॉगमध्ये \+ चा अर्थ "हे खोटं आहे" असा नाही, "हे मला सिद्ध करता आलं नाही" असा आहे. कीथ क्लार्कने १९७८ मध्ये याला नीट बैठक दिली, नेगेशन अॅज फेल्युअर म्हणतात ते हेच. वाक्य वाचून सगळे मान डोलावतात, पण पुढचे दोन नियम बघा:

चालेल(_क) :- विद्यार्थी(_क), \+ नापास(_क).
चालेल(_क) :- \+ नापास(_क), विद्यार्थी(_क).

गणितात "आणि" च्या दोन बाजू अदलाबदल केल्या तर काही बिघडत नाही. इथे बिघडतं. चालेल(_क) असं मोकळं विचारलं की दुसऱ्या नियमात \+ ला पोचताना _क ला किंमतच मिळालेली नसते, त्यामुळे प्रश्न होतो "कोणीच नापास नाही का?", आणि वर्गात एक जरी नापास असला तरी उत्तर सरळ फॉल्स, पास झालेली सगळी मुलं गायब. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. सवय लावून घ्या, \+ च्या आतलं प्रत्येक व्हेरिएबल त्याच्या आधी कुठेतरी बांधलेलं आहे का ते बोट ठेवून तपासायचं.

आणि एजंटसाठी हे किती गंभीर आहे त्याचं एआयच्या पहिल्या पिढीतल्या मॅकार्थीने दिलेलं एक उदाहरण आहे, गेलफॉन्ड आणि लिफशिट्झ यांनी १९९१ च्या पेपरात वापरलेलं. शाळेची बस रेल्वे रूळ ओलांडणार आहे. नियम एक: गाडी येतेय हे सिद्ध होत नसेल तर ओलांड. नियम दोन: गाडी येत नाहीये हे सिद्ध झालं असेल तर ओलांड. सेन्सर बंद पडला, धुकं आहे, माहितीच नाही, अशा वेळी पहिला नियम बस रुळावर घालतो आणि दुसरा थांबवतो. पहिला नकार "नॉट", दुसरा क्लासिकल नकार, आन्सर सेट प्रोग्रॅमिंगमध्ये (लॉजिक प्रोग्रॅमिंगचाच एक प्रकार, पुढे येतोच) तो वजाच्या चिन्हाने लिहितात. स्वतःहून निर्णय घेणाऱ्या कुठल्याही एजंटचा नियम लिहिताना प्रत्येक नकाराजवळ थांबून विचारा, यातला कुठला हवाय? रेल्वेच्या वेळापत्रकात नसलेली गाडी नाही असं मानलं तर चालतं, कारण यादी पूर्ण आहे. रुळावर काय आहे त्याची यादी कधीच पूर्ण नसते. एवढा एक प्रश्न नीट विचारायला शिकलात तर या कोर्सचे पैसे वसूल.

इथून आन्सर सेट प्रोग्रॅमिंगकडे या. टूल म्हणून क्लिंगो घ्या, जर्मनीतल्या पॉट्सडॅम युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने बनवलंय, तेही फुकट आणि ब्राउझरमध्येही चालतं, फक्त यात नावं रोमन लिपीतच लागतात (खाली मी वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय). स्टेबल मॉडेलची (नियमांना लावून बघितल्यावर स्वतःच परत निघणारा फॅक्टचा संच) कल्पना गेलफॉन्ड आणि लिफशिट्झची, १९८८ ची, आणि परीक्षेत यावर गणित येणार हे धरूनच चाला. समजा सोसायटीत पाण्याच्या दोन मोटरी आहेत:

अ_मोटर :- not ब_मोटर.
ब_मोटर :- not अ_मोटर.

हे प्रोलॉगला दिलं तर तो गोल गोल फिरत राहील. क्लिंगो दोन उत्तरं देतो, एकात अ चालू, दुसऱ्यात ब. कसं ते हाताने करा. आधी एक संच अंदाजाने धरायचा, समजा फक्त अ_मोटर. मग नियम छाटायचे: ज्या नियमात not च्या पुढची गोष्ट आपल्या संचात आहे तो नियमच काढून टाकायचा, म्हणून दुसरा नियम गेला. उरलेल्या नियमांतले not वाले भाग पुसायचे, म्हणून पहिला नियम नुसतं "अ_मोटर." असा राहिला. आता जे उरलं त्याचं सगळ्यात लहान मॉडेल काढायचं, ते निघतं अ_मोटर, आपण धरलं होतं तेच, म्हणजे हे स्टेबल. आता रिकामा संच धरून बघा, काहीच छाटलं जात नाही, दोन्ही not पुसले जातात, मॉडेल निघतं अ आणि ब दोन्ही, धरलं होतं रिकामं, जुळलं नाही. दोन्ही धरले तर दोन्ही नियम छाटले जातात आणि हाती रिकामा संच येतो, तेही जुळलं नाही. पूर्ण पद्धत एवढीच, पण अशी दहाबारा गणितं हाताने केल्याशिवाय ती बसत नाही. "अ_मोटर :- not अ_मोटर." याचं एकही स्टेबल मॉडेल का नाही ते याच पद्धतीने स्वतः करून बघा, आवडता तोंडी परीक्षेचा प्रश्न आहे.

पुढे कन्स्ट्रेंट, म्हणजे डोकं नसलेला नियम, "असं असू नये" एवढंच सांगणारा. अ मोटर बिघडलीये तर ":- अ_मोटर." एवढी ओळ घातली की पहिलं उत्तर बाद. शक्यता तयार करा, नको त्या उडवा, उरेल ते उत्तर, याच पद्धतीने प्लॅनिंग, टाइमटेबल, सगळं मांडतात. हे फक्त वर्गातलं खेळणं आहे असं कोणी म्हणालं तर टेक्सस टेकच्या लोकांनी स्पेस शटलच्या रिअॅक्शन कंट्रोल सिस्टिमसाठी, काही भाग बंद पडल्यावर कुठले व्हॉल्व्ह आणि स्विच कसे फिरवायचे याचे प्लॅन काढायला आन्सर सेट प्रोग्रॅमिंग वापरलं होतं, ते सांगा.

आता काळ, आणि इथे तो एक एजंट कामाला येतो. मी तरी सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचाच एजंट घ्या म्हणेन, कारण गच्चीवरची टाकी, खालचा संप, मोटर, लाईट जाणं येणं, सगळं रोज डोळ्यांसमोरचं, त्यामुळे एजंट काही चुकीचं बोलला की लगेच कळतं. इव्हेंट कॅल्क्युलस (घटना आणि त्यांचे परिणाम लॉजिकमध्ये मांडायची पद्धत) कोवाल्स्की आणि सर्गट यांनी १९८६ मध्ये मांडलं, त्याचा गाभा दोन नियमांत मावतो:

खरं(_गोष्ट, _आता) :- घडलं(_घटना, _आधी), _आधी < _आता, सुरू_करते(_घटना, _गोष्ट), \+ मधे_तुटलं(_आधी, _गोष्ट, _आता).
मधे_तुटलं(_आधी, _गोष्ट, _आता) :- घडलं(_घटना, _मधे), _आधी < _मधे, _मधे < _आता, बंद_करते(_घटना, _गोष्ट).

म्हणजे एखादी गोष्ट आत्ता खरी कधी, तर आधी काहीतरी घडून ती सुरू झाली आणि मधे कशाने तुटली नाही तर. त्या एका \+ मध्ये फ्रेम प्रॉब्लेमचं उत्तर दडलंय, जो मॅकार्थी आणि हेज यांनी १९६९ मध्ये मांडला होता: प्रत्येक घटनेनंतर काय काय बदललं नाही हे सगळं लिहीत बसायचं का? इथे लिहावं लागत नाही, तुटल्याचं सिद्ध झालं नाही म्हणजे चालू आहे. नकार आणि काळ वेगळे विषय नाहीत ते इथे दिसतं.

आता बटण दाबल्याने मोटर सुरू, बटण बंद केल्याने बंद, लाईट गेल्याने बंद, एवढं लिहा. सकाळी बटण दाबलं, मधे लाईट गेली, परत आली, मोटर चालू आहे का? तुमचा एजंट म्हणेल नाही. पण काही ठिकाणी स्टार्टर असा असतो की लाईट आली की मोटर आपोआप परत सुरू होते. मग "लाईट आली की मोटर सुरू" असा नियम घालायचा मोह होतो, आणि तो घातला की रात्री बंद केलेली मोटरसुद्धा पहाटे लाईट आल्यावर सुरू झाली असं एजंट सांगायला लागतो. म्हणजे बटणाची स्थिती ही वेगळी गोष्ट धरावी लागते, मोटर चालण्याला बटण आणि लाईट दोन्ही लागतात, आणि सुरू_करते ला वेळ हा तिसरा आर्ग्युमेंट द्यावा लागतो कारण परिणाम परिस्थितीवर अवलंबून आहे. हे स्वतः करून बघताना रॅमिफिकेशन (एका बदलामुळे आडून होणारे परिणाम) हा शब्द स्लाइडवर तीन वेळा वाचून जे कळत नाही ते कळतं. यावर एक अख्खा आठवडा गेला तरी जाऊ द्या.

एक सूचना, वरच्या नियमाला _आता मोकळा ठेवून प्रश्न विचारलात तर तुलना करताना एरर येईल, वेळ देऊनच विचारा.

एजंटच्या भाषांकडे यानंतरच वळा. बीडीआय म्हणजे बिलीफ, डिझायर, इंटेन्शन, मुळात ब्रॅटमन या फिलॉसॉफरचा विचार, १९८७ चा, त्यावर मेलबर्नला राव आणि जॉर्जेफ यांनी काम केलं आणि आनंद राव यांनी १९९६ मध्ये एजंटस्पीक ही भाषा मांडली. जेसन हे तिचं आज वर्गात वापरलं जाणारं रूप, जावावर चालतं. प्लॅन साधारण असा: "+टाकी_रिकामी : संपात_पाणी <- मोटर_सुरू_कर." टाकी रिकामी झाल्याचं कळलं, आणि संपात पाणी आहे असं तो मानत असेल, तर मोटर सुरू कर. प्रोलॉगशी दिसायला सारखं, पण फरक मोठा. प्रोलॉग विचारलं की उत्तर देतो, हा घटना घडली की स्वतः हलतो. आणि प्रोलॉग चुकलं की बॅकट्रॅक करून मागे जातो, पण खऱ्या जगात सुरू केलेली मोटर बॅकट्रॅकने बंद होत नाही, म्हणून इथे प्लॅन फसल्यावर काय करायचं त्याचा वेगळा प्लॅन लिहावा लागतो. मुलं तो लिहायचा टाळतात आणि डेमोला तिथेच अडकतात. टोरोंटोच्या गोलॉग या एजंटच्या भाषेवर तुमच्या कोर्सला भर असेल तर सिच्युएशन कॅल्क्युलस (प्रत्येक क्रियेनंतरची परिस्थिती लॉजिकमध्ये मांडायची पद्धत, गोलॉग त्यावरच उभं आहे) नीट करावं लागेल, नसेल तर तोंडओळख पुरे.

चॅटबॉट असताना हे कशाला, हा प्रश्न येतोच. माझं मत, भाषा समजून फॅक्ट काढायला लँग्वेज मॉडेल वापरा, खुशाल वापरा, पण निर्णय नियमांनी घेतला तर "का?" विचारता येतं आणि उत्तर तपासता येतं. २०११ ला जेपर्डी हा अमेरिकन टीव्हीवरचा क्विझ शो जिंकलेल्या आयबीएमच्या वॉटसन या प्रोग्रॅमनेही प्रश्नाच्या वाक्यरचनेतले पॅटर्न ओळखायला प्रोलॉग वापरलं होतं, म्हणजे दोन्ही एकत्र नांदतात. अभ्यासात मात्र ट्री आणि छाटणीची गणितं चॅटबॉटकडून करून घेऊ नका. आणि त्याने लिहिलेला नियम घेतलात तर \+ कुठल्या जागी आहे ते पहिलं बघा, दिसायला छान आणि जागा चुकलेली, असं सर्रास मिळतं.

पुढे यातच रिसर्च करायचा विचार असेल तर आयसीएलपी ही लॉजिक प्रोग्रॅमिंगची मुख्य कॉन्फरन्स (२००३ ची मुंबईत भरली होती) आणि एजंटवाल्यांची एएएमएएस, दोन्हींच्या अलीकडच्या पेपरांचे अॅब्स्ट्रॅक्ट चाळा आणि ज्या युनिव्हर्सिटीची नावं परत परत दिसतील तिथे अर्ज करा. प्रोफेसरला मेल करताना "आय अॅम पॅशनेट अबाउट एआय" लिहू नका, मोटरच्या एजंटची लिंक द्या आणि सोबत चार ओळी: लाईट येण्याचा नियम आधी कसा होता, त्याने कुठलं उत्तर चुकलं, आणि तो कसा बदलला.

प्रोजेक्ट रिपोर्टचंही तेच. एजंट चालतो याचे स्क्रीनशॉट सगळेच लावतात. तुम्ही एक चॅप्टर "एजंटला विचारलेले प्रश्न" असा ठेवा, पाच वाजता मोटर का सुरू केली नाहीस, संपात पाणी आहे हे तुला कशावरून माहीत, सेन्सर बंद असता तर काय केलं असतंस, आणि प्रत्येकाखाली त्याने कुठला नियम कुठल्या फॅक्टवर लावला ते त्याच्याच ट्रेसमधून (नियम लागत गेले त्याची नोंद) द्या. व्हायवाला एक्झामिनर हेच चॅप्टर उघडून बसतात, तेव्हा प्रत्येक \+ आणि प्रत्येक not तिथे का आहे ते न बघता सांगता येईल एवढी तयारी करून जा.